घरचा हिशेब : मधल्या सुट्टीचे पैसे

इंदूरहून एका भगिनींनी पाठविलेले पत्र गेला आठवडाभर माझ्यासमोर आहे. पत्र लहानसेच आहे. पण त्यातील प्रश्न अनेक घरांतला असल्यामुळे या वेळचा हिशेब त्याच्याच आधारे मांडावा असे ठरविले.

त्या लिहितात : “माझी मुलगी यंदा नववीत गेली. आठवीपर्यंतची शाळा घराजवळ होती आणि दुपारचे जेवण शाळेतच मिळे. आता माध्यमिक शाळा दूर आहे, तेथे जेवण नाही. मी तयार कपड्यांच्या कारखान्यात कामाला जाते व सकाळी साडेसातला घर सोडते. हे रिक्षा चालवितात. म्हणून डब्याच्या भानगडीत न पडता आम्ही मुलीला रोज वीस रुपये देऊ लागलो. मुलगा अकरावीत आहे, त्याला तीस देतो. परवा तिची कंपासपेटी उघडली, तर रुमालाच्या गाठीत चारशे साठ रुपये निघाले. विचारले तेव्हा कळले, की तेवीस दिवस तिने दुपारी काहीच खाल्ले नव्हते. शाळेच्या सहलीचे पाचशे रुपये भरायचे होते. म्हणाली, ‘बाबांनी दिले असते, पण मग गॅसच्या टाकीला कमी पडले असते.’ आता हे म्हणतात, पैसे देणे बंद करा. सासूबाई म्हणतात, जास्त द्या. मला एवढेच सांगा, वीस रुपये कमी पडले, की वीसही जास्त झाले?”

या ताईंच्या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता आले असते, तर मी ते पोस्टकार्डावर लिहून पाठविले असते. परंतु आकडा ठरविण्यापूर्वी त्या आकड्याने काय काम करावयाचे आहे, हे ठरवावे लागते. आपल्या घरांत ते सहसा ठरत नाही. सकाळच्या घाईत आई किंवा वडील खिशात हात घालतात, हाताला लागेल ती नोट मुलाच्या हातावर ठेवतात, आणि ‘काहीतरी खा’ असे म्हणून मोकळे होतात. त्या ‘काहीतरी’चा विचार करणे हाच आजचा विषय.

प्रथम हा प्रश्न नववीतच का उभा राहतो, ते पाहू. शाळेत मुलांना जेवू घालण्याची कल्पना आपल्या देशात जुनी आहे. मद्रास राज्यात कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ मध्ये तिला मोठे रूप आले. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत ती अधिक व्यापक केली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी राष्ट्रीय योजना सुरू केली. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नुसते धान्य न देता शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश दिला. पुढे सहावी ते आठवीचे वर्गही योजनेत आले, आणि २०२१ पासून ती ‘पीएम पोषण’ या नावाने ओळखली जाऊ लागली. सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना या योजनेचा लाभ मिळतो. तमिळनाडू व कर्नाटक या राज्यांनी आपल्या खर्चाने ती दहावीपर्यंत नेली. म्हणजे बेळगावच्या सरकारी शाळेत नववीत शिकणाऱ्या मराठी मुलाला जे ताट मिळते, ते इंदूरच्या मुलीला आठवी संपताच बंद होते. त्या उन्हाळ्यात घरखर्चात एक नवी बाब निर्माण झालेली असते. पण बहुतेक घरांत तिची नोंद कोणी करीत नाही. शाळेची फी, गणवेश, वह्या यांचा हिशेब होतो. नाहीसे झालेले जेवण मात्र कोणाच्याच वहीत चढत नाही.

ते जेवण किती होते? सहावी ते आठवीच्या मुलाला या योजनेत ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. त्यासाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल धरले जाते. हे माप मनात ठेवण्यासारखे आहे. मुलाचे शरीर आठवीनंतर काही लहान होत नाही; उलट याच वर्षांत ते झपाट्याने वाढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या प्रमाणांनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० व मुलाला सुमारे २८६० उष्मांक लागतात. दिवसाच्या आहाराचा तिसरा हिस्सा दुपारी हवा असे धरले, तरी मुलीला ८०० उष्मांक हवेत.

आता वीस रुपयांत काय येते ते पाहू. ताईंनी शाळेजवळचे भाव कळविले आहेत : समोसा पंधरा, कचोरी पंधरा, पोह्यांची बशी वीस, आणि उपाहारगृहातील साधी थाळी साठ. म्हणजे वीस रुपयांत एक समोसा येतो आणि पाच रुपये उरतात. समोसा म्हणजे मैदा, बटाटा आणि तेल. त्याने पोट भरल्यासारखे वाटते, पण तास-दीड तासाने ती भूक दुप्पट होऊन परत येते. येथे कोणी म्हणेल, सरकारला परवडते ते आपल्याला का परवडत नाही? १ मे २०२५ पासून सहावी ते आठवीच्या एका ताटाच्या साहित्यासाठी १० रुपये १७ पैसे हा दर ठरविण्यात आला. परंतु त्यात धान्याची किंमत नाही, ते निराळे मिळते. स्वयंपाक करणाऱ्यांचे मानधन नाही. जागेचे भाडे नाही आणि नफाही नाही. दुकानदाराच्या वीस रुपयांत हे सारे असते. सबब बाजारात दिलेले वीस रुपये आणि स्वयंपाकघरात घातलेले वीस रुपये यांचे मोल सारखे नसते. घरच्या हिशेबातील हा पहिला धडा आहे.

तो पडताळून पाहण्यासाठी एका डब्याचा खर्च मांडू. भाव आपापल्या गावचे घ्यावेत. मी समजुतीसाठी गोल आकडे धरते. शंभर ग्रॅम कणकेच्या तीन पोळ्या, किलोला चाळीस रुपये या भावाने चार रुपये. तीस ग्रॅम मुगाची उसळ, किलोला एकशेवीसच्या भावाने तीन रुपये साठ पैसे. तेल दीड रुपयाचे. कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड मिळून तीन रुपये. शेंगदाणे व गुळाचा एक लाडू सुमारे साडेतीन रुपये. इंधनाचे दोन-अडीच रुपये धरले, तर डबा अठरा रुपयांत बसतो. यात सुमारे साडेसहाशे उष्मांक आणि वीस ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने मिळतात, म्हणजे शाळेतील ताटाच्या जवळपास. सोबत एखादे केळे असले, तर उरलेली तूटही भरून निघते. तोच पैसा समोशाला दिला, तर याच्या निम्मेही हाती लागत नाही.

“पण डबा करायचा कोणी?” हा प्रश्न ताईंनी विचारलेला नाही; मात्र पत्राच्या ओळीओळीतून तो दिसतो. साडेसातला घर सोडणाऱ्या बाईने पाचला उठावे आणि आणखी दोन डबे भरावेत, असा उपदेश करण्याचा माझा मुळीच विचार नाही. डबा हे आईचे काम आहे असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. घरात चार माणसे आहेत, सासूबाई धरल्या तर पाच. मूग सकाळी भिजवून रात्री बांधून ठेवले, तर दुसऱ्या सकाळी मोड आलेले असतात व पंधरा मिनिटांत शिजतात. हे काम अकरावीतल्या मुलाला उत्तम जमेल. कणीक वडिलांनी मळावी. लाडू रविवारी सर्वांनी मिळून वळावेत. मुलीनेही हात लावावा, पण मुलगी आहे म्हणून सारे तिच्यावर येऊ नये. रात्रीचा भात किंवा पातळ भाजी सकाळी डब्यात भरू नये. उन्हाळ्यात दुपारपर्यंत ती उतरते. पोळी, कोरडी उसळ, तीळ किंवा शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे आणि गूळ हे पदार्थ टिकतात. बडोद्याच्या घरांत थेपले असतील, हैदराबादेत पुलिहोऱ्याची सवय जडलेली असेल. जे घरात सहज होते, तेच डब्यात जावे.

येथे मुलीविषयी एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. अकरावीतल्या मुलाला भूक अधिक लागते, त्याला उष्मांक अधिक हवेत, हे खरेच आहे. म्हणून त्याच्या डब्यात एक पोळी जास्त असणे न्याय्य आहे. परंतु लोहाची गरज पाहिली, तर पारडे उलटे झुकते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागते. १६ ते १८ वर्षांच्या मुलाला २६ पुरते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के व मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. म्हणजे जिला कमी पैसे द्यावे असे आपल्याला सहज वाटते, तिचेच ताट अधिक काळजीने भरण्याची गरज आहे. ‘मुलगी आहे, तिला कितीसे लागते’ हे वाक्य आपल्या घरातून कायमचे गेले पाहिजे. मूग, चणे, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांतून लोह मिळते. त्यावर लिंबू पिळले किंवा सोबत आवळ्याची फोड दिली, तर ते शरीरात अधिक चांगले जिरते. जेवणाबरोबर चहा घेतला, तर कमी जिरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोज डबा द्यावा आणि एक पैसाही देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. चौदा वर्षांच्या मुलीच्या मैत्रिणी आठवड्यातून एखाद्या दिवशी पोहे खायला जातात, तेव्हा तिने पाण्याच्या नळापाशी उभे राहून वेळ काढावा, हे मला पटत नाही. बरोबरीच्या मुलांत बसून खाणे हेही वाढीचे अंग आहे. म्हणून माझी सूचना अशी, की आठवड्यातील एक दिवस बाहेरच्या खाण्याचा ठरवावा आणि त्या दिवशी खरोखर पोटभर खाता येईल इतके पैसे द्यावेत. पोह्यांची बशी व एखादे फळ यांसाठी तीस रुपये.

ताईंच्या घराचाच हिशेब करून पाहा. महिन्याला बावीस दिवस शाळा धरली, तर सध्या मुलीला ४४० व मुलाला ६६० मिळून ११०० रुपये जातात. नव्या रीतीने मुलीचे अठरा डबे प्रत्येकी १८ रुपयांप्रमाणे ३२४ रुपयांचे, आणि चार दिवस बाहेर ३० रुपयांप्रमाणे १२०, एकूण ४४४. मुलाचा डबा मोठा, २२ रुपयांचा, त्याचे अठरा डबे ३९६ व बाहेरचे १२०, एकूण ५१६. दोघांचे मिळून ९६० झाले. ११०० मधून १४० रुपये उरले. ते दोघांना सत्तर-सत्तर असे वाटून द्यावेत. हे सत्तर रुपये मात्र जेवणाचे नव्हेत. ते त्यांचे स्वतःचे. पेन घ्यावे, मैत्रिणीच्या वाढदिवसाला काही न्यावे, साठवावे. आपण विचारू नये.

ताई, आपल्या घरात जे घडले त्याचे मूळ या शेवटच्या वाक्यात आहे असे मला वाटते. वीस रुपये कमीही नव्हते आणि जास्तही नव्हते. त्या वीस रुपयांवर दोन कामे सोपविलेली होती. मुलीच्या हाती पैसा येण्याची दुसरी वाट नव्हती, म्हणून तिला जे काही हवे होते ते तिने आपल्या पोटातून काढले. मोठ्या माणसांचीही अशीच गत होते. औषधाला पैसा नसला की दूध बंद होते, भाडे वाढले की भाजी कमी होते. अन्नाचा खर्च रोज थोडाथोडा असल्यामुळे तो कापला तरी कोणाला दिसत नाही, आणि म्हणूनच तो सर्वांत आधी कापला जातो. आपली मुलगी हे कोठे शिकली? घरातच शिकली असेल. महिनाअखेरीस आई ‘मला भूक नाही’ म्हणते, तेव्हा मुले ते ऐकत असतात.

म्हणून तिला रागावू नका, आणि तिचे फार कौतुकही करू नका. रागावलात, तर पुढच्या वेळी ती रुमाल अधिक खोल लपवील. ‘किती समजूतदार पोर’ म्हणून शेजारणीला सांगितलेत, तर उपाशी राहणे हाच सद्गुण आहे असे ती मनात धरील. तिला जवळ बसवून सांगा, की गॅसच्या टाकीची चिंता करणे हे आई-बाबांचे काम आहे. खर्च ठाऊक असणे चांगले, पण तो आपल्या भुकेतून भागवावयाचा नाही. आणि ते चारशे साठ रुपये परत घेऊ नका. वरचे चाळीस घालून सहलीची फी भरा. सहल हा शाळेचा खर्च आहे, फीसारखाच. तो घरच्या वहीत लिहिला पाहिजे.

पैसे रोज द्यावेत, आठवड्याचे द्यावेत की महिन्याचे, असेही पुष्कळ वाचक विचारतात. पाचवी-सहावीच्या मुलाला रोजचे रोज द्यावे. नववीच्या मुलाला सोमवारी आठवड्याचे द्यावे. एखाद्या आठवड्यात बुधवारीच संपतील, पुढच्या आठवड्यात शुक्रवारपर्यंत पुरतील. डबा हातात असल्यामुळे या चुकीने कोणी उपाशी राहणार नाही. चूक करण्याची सोय हाच डब्याचा मोठा लाभ आहे. अकरावीच्या मुलाला महिन्याचे देण्यास हरकत नाही. दहा वर्षांवरील मुलाला टपाल कार्यालयात स्वतःच्या नावे बचत खाते काढता येते. रुमालाच्या गाठीपेक्षा ती जागा बरी. मोबाईलवरून पैसे पाठविणे सोपे झाले आहे, पण आकडा डोळ्यांसमोर कमी होताना दिसत नसला, की हातही लवकर सैल होतो. या वयात नोट आणि नाणी बरी. दप्तराच्या आतल्या कप्प्यात अडीअडचणीसाठी एक वेगळी नोट असावी. बस चुकली किंवा प्रकृती बिघडली तरच ती काढावयाची.

शाळेच्या दाराशी काय विकले जाते, याकडेही पालकांचे लक्ष हवे. फार तेल, साखर वा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि दारापासून पन्नास मीटरच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने केला आहे. नियम कागदावर असतो. त्याला हलविण्यासाठी पालकसभेत एका माणसाने उभे राहावे लागते. आपल्या गावी कोणी केळी, पेरू, उकडलेले चणे किंवा भाजलेली कणसे विकणारा असेल, तर त्याला दाराजवळ जागा द्यावी असेही तेथेच सुचविता येईल. त्याचाही संसार चालेल.

काही घरांत अठरा रुपयांचा डबाही जड जाईल, याची मला जाणीव आहे. अशा घरांनी संकोच सोडून वर्गशिक्षकांशी बोलावे. मूल दुपारी उपाशी असते हे शिक्षकांना ठाऊक असलेले बरे. चौथ्या-पाचव्या तासाला मान टाकणाऱ्या मुलाला मग ते आळशी म्हणणार नाहीत. सकाळी घरून निघताना पोळी आणि गूळ पोटात जाईल इतके तरी पाहावे, आणि मुठीएवढे शेंगदाणे कागदात बांधून द्यावेत. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅम प्रथिने असतात. थोड्या पैशांत एवढे देणारा पदार्थ विरळाच.

शेवटी, पैसे किती द्यावेत याचा एक साधा नियम सांगते. मूल संध्याकाळी घरी आले की ‘पैसे किती उरले?’ असे विचारू नये; ‘आज दुपारी काय खाल्लेस?’ असे विचारावे. या प्रश्नाला आठवडाभर मोकळेपणाने उत्तर मिळत असेल, तर आपण देतो ती रक्कम योग्य आहे. उत्तर देताना मूल नजर चुकवीत असेल, तर रक्कम वाढविण्यापूर्वी किंवा कमी करण्यापूर्वी त्याच्याजवळ दोन घटका बसावे.

इंदूरच्या ताई, मूग आज भिजत घाला. सहलीहून परतल्यावर मुलीने काय पाहिले, ते मात्र मला अवश्य कळवा.